उपाशीपोटी ९६, तरीही

उपाशीपोटी साखर ९६. नाश्त्यानंतर दोन तासांनी १३२. माझ्या दरवर्षीच्या तपासणीतले हे आकडे, आणि दोन्हींपुढे छापलेलं 'नॉर्मल'. वय ४९, वजन ५४ किलो, शाळेत दिवसभर फळ्यासमोर उभं राहून गणित शिकवायचं, घरी गोडाचं कुणालाच वेड नाही. अशा बाईच्या साखरेची चौकशी कुणी करत नाही.

माझी झाली ती दादामुळे. दादा नाशिक रोडला राहतो. ५१व्या वर्षी त्याला अटॅक आला. तंबाखू नाही, सिगारेट नाही, अंगाने माझ्यासारखाच सडपातळ. अँजिओग्राफीत तीन शिरांमध्ये ब्लॉकेज निघाले आणि बायपास करावी लागली. त्याला 'शुगर' कधीच नव्हती. आयसीयूत घेतलेल्या रक्तात मात्र एचबीएवनसी ६.४ आली, म्हणजे आपण जिला तीन महिन्यांची शुगर म्हणतो ती. मधुमेह धरतात ६.५ पासून. त्या हिशेबाने तो त्या दिवशीही मधुमेही नव्हता, आणि तरी तीन शिरा भरलेल्या होत्या. त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांनी वहिनीला बाहेर बोलावून विचारलं, "यांची सख्खी भावंडं किती? सगळ्यांचं लिपिड प्रोफाइल आणि एचबीएवनसी करून घ्या."

पुढच्या काही महिन्यांत मी ज्यातून गेले ते सविस्तर लिहितेय. मधुमेहाची रेषा ओलांडली की मग हृदयाला धोका, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. शिरांना ती रेषा ठाऊक नसते. धोका रेषेच्या बऱ्याच अलीकडे वाढायला लागतो, आणि तो कागदावर दिसतोही, फक्त योग्य कागद हवा.

कॅनडा कॉर्नरजवळच्या एका लॅबमध्ये रक्त दिलं. तिथल्या मुलीने दोन वेगळ्या बाटल्यांत रक्त घेतलं, एकीला राखाडी टोपण, दुसरीला जांभळं. मी विचारल्यावर तिने न कंटाळता सांगितलं, "काकू, राखाडीत फ्लोराइड असतं. नाहीतर बाटलीतल्या पेशीच साखर खाऊन टाकतात आणि आकडा कमी येतो. जांभळी एचबीएवनसीला. तिला उपाशी राहायचीही गरज नाही."

दोन बाटल्या म्हणजे दोन वेगळे प्रश्न. राखाडी बाटलीतली साखर त्या घटकेची. जांभळीत पाहतात ते हिमोग्लोबिनला चिकटून बसलेली साखर. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला व्हॅलीन नावाचं अमिनो आम्ल असतं. रक्तात ग्लुकोज जितकं जास्त आणि जितका वेळ जास्त, तितके त्याचे रेणू तिथे चिकटतात. यासाठी कुठलं विकर (एन्झाइम) लागत नाही, नुसत्या सहवासाने हे होतं. आणि एकदा पक्कं बसलं की ती तांबडी पेशी मरेपर्यंत सुटत नाही. तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, त्यातही शेवटच्या महिन्याचं वजन सगळ्यात जास्त. मधुमेह्यांच्या रक्तात हा घटक वाढलेला असतो हे १९६०च्या दशकाच्या अखेरीस तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर यांच्या लक्षात आलं. निदानासाठी या आकड्याला मान्यता मिळायला मात्र २०१० साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकी मधुमेह संघटनेने तो स्वीकारला, पाठोपाठ जागतिक आरोग्य संघटनेने.

माझी एचबीएवनसी आली ६.३. ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व पट्टा, त्याच्या पार वरच्या टोकाला. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १९०, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ३८, वाईट म्हणजे एलडीएल ११८. हिमोग्लोबिन ९.६.

रिपोर्ट घेऊन गंगापूर रोडवरच्या एका फिजिशियनकडे गेले. शांत गृहस्थ, पेशंटला बोलू देणारे. ६.३ हा आकडा त्यांनी पाहिला आणि लगेच पान उलटलं. एचपीएलसी पद्धतीने तपासणी केली की रिपोर्टसोबत एक आलेख येतो, त्यात हिमोग्लोबिनच्या वेगवेगळ्या प्रकारांची शिखरं असतात. तो आलेख त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिला. सिकलसेल किंवा दुसरं एखादं वेगळं हिमोग्लोबिन असलं तर हा आकडा दगा देतो, असं ते म्हणाले. आपल्या जिल्ह्यात सुरगाणा-पेठच्या पट्ट्यातले रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांना ही सवय ठेवावीच लागते. माझा आलेख त्या बाबतीत साफ होता. मग त्यांनी ९.६ वर बोट ठेवलं.

"मॅडम, पाळीला रक्तस्राव जास्त होतो का?"

होत होता, दोनेक वर्षं तरी. जिना चढताना धाप लागत होती, आणि पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना छातीवर दाब आल्यासारखं वाटायचं, तेही सांगितलं.

त्यांनी जे समजावलं ते मला आधी कुणी सांगितलेलं नव्हतं. अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटीच थोडी वर जाते. उलट नुकतंच रक्त चढवलेलं असेल, तांबड्या पेशी लवकर फुटत असतील, किंवा लोहाचे उपचार सुरू होऊन नव्या कोवळ्या पेशींचा लोंढा आला असेल, तर ती खोटीच खाली येते. नव्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. म्हणजे माझ्या ६.३ मधलं खरं किती आणि पंडुरोगाचं, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असल्याचं, किती हे त्या कागदावरून कळणार नव्हतं. "पण म्हणून सोडून द्यायचं नाही," ते म्हणाले. "ज्याच्यावर हिमोग्लोबिनचा परिणाम होत नाही अशी तपासणी करू. ग्लुकोज पिऊन."

ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट आपल्याकडे गरोदर बायकांना माहीत असते, बाकीच्यांना फारशी नाही. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं, भात-पोळी मुद्दाम कमी करायची नाही, नाहीतर निकाल बिघडतो. रात्रभर उपाशी राहून सकाळी आठला लॅबमध्ये पोचले. आधी एकदा रक्त घेतलं. मग ग्लासभर पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज. पहिले दोन घोट बरे लागतात. निम्मा ग्लास संपला की तोंड चिकट होतं आणि मळमळायला लागतं. त्या मुलीने अर्धं लिंबू पिळून दिलं आणि घड्याळ दाखवलं, कारण पाच मिनिटांत संपवायचं असतं. त्यानंतर दोन तास एका जागी बसून राहायचं. चालायचं नाही, चहा नाही, खाणं नाही. रस्त्यापलीकडच्या मिसळीच्या दुकानाचा वास आत येत होता. मी नववीच्या वह्या तपासत बसले. दुसऱ्या तासाला जरा घेरी आल्यासारखं झालं, ते थोड्या वेळात गेलं.

उपाशीपोटी ९५. दोन तासांनी १६८.

१४० च्या आत हवं होतं, २०० ला मधुमेह. म्हणजे पंडुरोगाचा हिशेब बाजूला ठेवला तरी माझं शरीर साखर वेळेत उचलत नव्हतं. मग दरवर्षी नाश्त्यानंतर १३२ कसं येत होतं? सरळ आहे. त्या सकाळी मी एक पोळी आणि चहा घेऊन रक्त द्यायला जायचे. त्या तपासणीत कुणी किती आणि काय खाल्लं याला धरबंध नसतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज सगळ्यांना सारखं. उपाशीपोटीचा आकडा तर रात्रीतून यकृत किती साखर सोडतं तेवढंच सांगतो. जेवणानंतरची चढण त्यात दिसतच नाही, आणि सुरुवातीचा बिघाड अनेकदा त्या चढणीतच असतो.

याचा हृदयाशी काय संबंध, हे मी फिजिशियनना थेट विचारलं. त्यांनी स्वीडनमधला एक अभ्यास सांगितला, २००२ सालचा. अटॅक येऊन दाखल झालेले १८१ रुग्ण, एकालाही आधी मधुमेह माहीत नव्हता. घरी जाताना त्यांना हेच ग्लुकोजचं पाणी पाजून पाहिलं. ३१ टक्के मधुमेही निघाले आणि ३५ टक्के माझ्यासारखे, मधल्या पट्ट्यातले. दर तिघांत दोघे. दादाची गोष्ट अपवाद नव्हती तर.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, २०१० साली प्रसिद्ध झालेला. मधुमेह नसलेल्या ११ हजारांवर माणसांची एचबीएवनसी पाहून पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. ५ ते ५.५ असलेल्यांचा हृदयविकाराचा धोका १ धरला, तर ५.५ ते ६ मध्ये तो १.२३ झाला आणि ६ ते ६.५ मध्ये १.७८. मधुमेहाच्या रेषेपलीकडे १.९५. गणिताच्या बाईला या आकड्यांत जे दिसतं ते असं, की सगळ्यात मोठी उडी ६ च्या आसपास आहे. ६.५ च्या दोन्ही बाजूंना फारसा फरकच नाही.

आत घडतं काय, तेही थोडक्यात सांगते. साखर फक्त हिमोग्लोबिनलाच चिकटते असं नाही. तांबडी पेशी चार महिन्यांत मरते आणि तिचा हिशेब तिच्याबरोबर संपतो. शिरेच्या भिंतीतलं कोलॅजेन वर्षानुवर्षं टिकतं, त्याला चिकटलेली साखर पुढे बदलत बदलत त्याचे धागे एकमेकांत गुंतवते आणि भिंत ताठर होते. दूध आटवताना खव्याला जो तांबूस रंग येतो, त्यामागे साखर आणि प्रथिनांची याच जातीची अभिक्रिया आहे. लुई कामिय माय्यार यांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं. शरीरात ती मंद आचेवर, वर्षानुवर्षं चालते. एलडीएलच्या कणांनाही साखर चिकटते, असे कण रक्तातून लवकर उचलले जात नाहीत, भिंतीत शिरतात, आणि त्यांना गिळणाऱ्या पेशी तिथेच चरबीने फुगून बसतात. ब्लॉकेजची सुरुवात ती.

मग सडपातळ माणसाला हे का व्हावं? याचं उत्तर आपल्या पुण्यातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामात आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा, डॉ. युडकिन यांचा फोटो छापून आला होता. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाट्याला हा फरक कळत नाही. माझे ५४ किलोही तसेच, हातपाय काटक्या आणि सगळा साठा पोटाच्या आत. वाढलेलं ट्रायग्लिसराइड आणि घसरलेलं एचडीएल हीच जोडी त्याची खूण, असं फिजिशियन म्हणाले.

छातीवरचा दाब आणि दादाचा इतिहास पाहून त्यांनी सीटी अँजिओग्राफी सांगितली, म्हणजे डाय सोडून यंत्राने हृदयाच्या शिरांचे फोटो काढायचे. हा सल्ला सरसकट सगळ्यांना नसतो. आधी क्रिएटिनिन तपासलं, कारण शिरेतून जाणारं डाय मूत्रपिंडांतून बाहेर पडतं. मुंबई नाक्याजवळच्या स्कॅन सेंटरला चार तास उपाशी जायचं होतं, चहा-कॉफीही नाही. तिथे नाडी मोजली, ८६. हृदय वेगाने हललं तर फोटो पुसट येतो म्हणून मेटोप्रोलॉलची गोळी दिली आणि बाकावर बसवून ठेवलं. दर थोड्या वेळाने परिचारिका यायची, बोटाला चिमटा लावायची, "अजून सत्तर आहे" म्हणून निघून जायची. पंडुरोगात हृदय मुळात जोरात धावतं, त्यामुळे माझी नाडी लवकर खाली येईना. बासष्टवर आली तेव्हा आत घेतलं.

हाताच्या कोपराजवळ जाड सुई, छातीला ईसीजीच्या पट्ट्या, दोन्ही हात डोक्यावर. पहिला स्कॅन डायशिवाय, कॅल्शियम स्कोअरचा, मिनिटाभरात झाला. शिरांच्या भिंतीत जुन्या चरबीच्या थरावर कॅल्शियम साचतं, ते यात पांढरं दिसतं आणि त्यावरून गुण काढतात. मग जिभेखाली गोळी ठेवली, शिरा रुंदावण्यासाठी. लगेच डोकं ठणकायला लागलं. यंत्रातून ध्वनिमुद्रित बाईचा आवाज आला, "सांस अंदर लीजिए... रोकिए." त्याच क्षणी डाय सुटलं. घशापासून ओटीपोटापर्यंत एक गरम लाट सरसर उतरली. आधी सांगून ठेवलं नसतं तर कपड्यात लघवी झाली अशी खात्रीच पटली असती, इतकं ते खरं वाटतं. माझ्या आधी आत गेलेल्या बाई घाबरून हलल्या आणि त्यांचा स्कॅन परत करावा लागला. म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवतेय. अर्ध्या मिनिटात ती ऊब जाते. नंतर दिवसभर भरपूर पाणी प्यायचं.

कॅल्शियम स्कोअर ३८. सगळं एकाच शिरेत, हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या एलएडीत. तिथे २५ ते ३० टक्के अरुंदपण. ऐकायला ३८ लहान वाटतं, पण माझ्या वयाच्या बहुतेक बायकांचा हा स्कोअर शून्य असतो. रक्त अडत नव्हतं, त्यामुळे धाप आणि दाब पंडुरोगाचा, हृदयाचा नाही. पण थर बसायला सुरुवात झाली होती, हेही तितकंच खरं. रिपोर्ट वाचून मला रडू आलं. भीती होतीच, आणि दादाला कुणी हे दहा वर्षांपूर्वी का नाही दाखवलं याचा संतापही होता. अजून आहे.

उपचारांत मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही. फिजिशियनांनी साखरेची गोळी दिलीच नाही. रोझुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम दिली, कोलेस्टेरॉलची. मी विचारलं, "साखरेमुळे हे झालं, तर साखरेवर औषध का नाही?" ते म्हणाले, साखरेचा आकडा धोका दाखवतो, पण तो आकडा औषधांनी दाबून खाली आणला की धोका त्याच मापात उतरतो असं नाही. अमेरिकेतल्या ॲकॉर्ड या मोठ्या अभ्यासात मधुमेह्यांची एचबीएवनसी ६ च्या खाली नेण्यासाठी औषधांचा मारा केला, तर त्या गटात मृत्यू वाढले आणि २००८ साली तो भाग थांबवावा लागला. एलडीएल आणि रक्तदाब उतरवल्याने हृदयाचा होणारा फायदा मात्र पक्का सिद्ध आहे. माझ्या पायरीवरच्या साखरेला चालणं आणि ताट बदलणं हे पहिलं औषध. ॲस्पिरिन त्यांनी मुद्दाम टाळली, आधीच रक्त जातंय म्हणून. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ सापडली, तिचे उपचार आणि लोहाची सलाईन वेगळी झाली.

ताटाबद्दल मी कुणाच्या सांगण्यावर न जाता ग्लुकोमीटर आणला. उपवासाची साबुदाणा खिचडी खाऊन तासाभराने १९२. दुसऱ्या वेळी तेवढीच खिचडी खाऊन लगेच इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर वीस मिनिटं चालले, १५८. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात, हे वाचलं होतं. आकड्यात पाहिल्यावर पटलं. बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ, आधी उसळ मग भाकरी, तर १४१. श्रावणातले उपवास मी सोडलेले नाहीत. खिचडीऐवजी राजगिरा आणि दाणे-दही, तेही बेताने.

हिमोग्लोबिन १२.४ वर स्थिरावल्यानंतर, घाई न करता, पुन्हा जांभळी बाटली दिली. एचबीएवनसी ५.९, एलडीएल ६५. ६.३ वरून ५.९ मधलं लोहाचं श्रेय किती आणि चालण्याचं किती, हे वेगळं करता येत नाही, असं फिजिशियननी स्पष्ट सांगितलं. धाप गेली. पांडवलेणी आता न थांबता चढते.

कुणाला ही तपासणी करायची असेल तर एचबीएवनसीबरोबर सीबीसी हवंच, म्हणजे हिमोग्लोबिन कळतं. अलीकडे रक्त किंवा लोह घेतलं असेल तर आधी सांगायचं, आणि आलेखाचं पान लॅबकडून मागून घ्यायचं. जवळच्या नात्यात लवकर अटॅक आलेला असेल तर उपाशीपोटीच्या आकड्यावर न थांबता ग्लुकोज पिऊनच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारायचं. सीटी स्वतःहून करायला जाऊ नये. माझ्या धाकट्या बहिणीला फिजिशियननी ती सांगितलेली नाही. तिची एचबीएवनसी ५.४, हिमोग्लोबिन १३, ग्लुकोजनंतर दोन तासांनी ११८, छातीत काही त्रास नाही. तिला पुढच्या वर्षी पुन्हा फक्त रक्त द्यायला बोलावलंय.